अर्ज हवा, आर्जव नको

ताई, सप्रेम नमस्कार.

मी ३१ वर्षांची, सांगलीची, बी.कॉम. झालेली. कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात चार वर्षं अकाउंट्स बघते. त्याआधी दोन वर्षं घरीच होते. सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला होता, त्यांचं सगळं मीच केलं. आता यजमानांची पुण्याला बदली झाली, म्हणून तिकडे नोकरी शोधते आहे. सहा महिन्यांत साठ-सत्तर अर्ज टाकले. सोबतचं पत्र आधी नेटवरून घेतलं, मग एआयकडून सुधारून घेतलं. ती दोन्ही पत्रं, काही जाहिराती आणि मी केलेल्या फोनची यादी जोडते आहे. मुलाखतीला बोलावलं फक्त तिघांनी. एका ठिकाणी ‘आताची नोकरी का सोडताय’ असं विचारलं, तर मालकांचं सगळं गाऱ्हाणं माझ्या तोंडून बाहेर पडलं. भोसरीतल्या एका कंपनीत मामेभावाने माझा रेझ्युमे दिला होता. ते ‘कळवतो’ म्हणाले. मी दिवसाआड फोन करत राहिले. नकार आला तेव्हा रागाच्या भरात स्टेटस ठेवलं, ‘वशिला चालतो तिथे कष्टाला किंमत नसते.’ ते त्या मामेभावाने, दादाने, पाहिलं. तेव्हापासून तो माझा फोन घेत नाही.

इथे मी काम काही कमी केलेलं नाही. मी आले तेव्हा पुरवठादार रिटर्न वेळेवर भरत नसल्यामुळे महिन्याला तीन-साडेतीन लाखांचं जीएसटी क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, अडकायचं. मी डायरी करून एकेकाच्या मागे लागले. आता चाळीस हजारांच्या वर जात नाही. पण याची किंमत कुणाला आहे?

पत्रात लिहू तरी काय? दोन वर्षांची गॅप लपवू का? आणि निकाल किती वेळा विचारायचा?

एक वाचक, सांगली

---

तू मला ताई म्हटलंस, म्हणून अगं-तुगंच करते.

तू मला लिहिलेलं पत्र आणि कंपन्यांना पाठवलेली दोन पत्रं टेबलावर शेजारी शेजारी ठेवून वाचली. मला लिहिलेल्या पत्रात एक कामसू बाई दिसते. कंपन्यांना गेलेल्या पत्रांत ती कुठेच नाही. पहिलं पत्र ‘विथ ड्यू रिस्पेक्ट अँड हम्बल सबमिशन, आय बेग टू स्टेट’ असं सुरू होतं. त्यात तू हात जोडून दारात उभी आहेस. दुसऱ्यात ‘डायनॅमिक’, ‘पॅशनेट’, ‘रिझल्ट-ओरिएंटेड’ असे शब्द ओळीने बसलेत. ते पत्र तुझ्याऐवजी नाशिकच्या सेल्समनने किंवा नागपूरच्या नर्सने पाठवलं असतं, तरी एक अक्षर बदलावं लागलं नसतं. आणि ती साडेतीन लाखांची गोष्ट, तुझ्या चार वर्षांच्या नोकरीतली सगळ्यात मोलाची, ती तू मला सांगितलीस. ज्यांना सांगायची त्यांना नाही सांगितलीस.

तुला बोल लावत नाही. आपल्याला शाळेत अर्ज म्हणून जो शिकवला, तो विनंती अर्ज. ‘वरील विषयास अनुसरून विनंती अर्ज सादर करते की’ अशी सुरुवात आणि खाली ‘आपली आज्ञाधारक’. बोनाफाइड दाखल्यासाठी, फी माफीसाठी, आजारपणाच्या रजेसाठी. त्यात एक मागणारा असतो आणि एक देणारा. तो साचा आपल्या हातात इतका बसतो की नोकरीचं पत्र लिहायला घेतलं तरी कंबर आपोआप वाकते. पण कंपनीने जाहिरात दिली ती तुझ्यावर उपकार म्हणून नव्हे. तिचं काहीतरी काम अडलं आहे म्हणून दिली. ते काम तू रोज करतेस. पत्रात एवढंच यायला हवं, आणि ते सरळ उभं राहून लिहायला हवं.

१९९३ साली मीही चाळीसेक पत्रं पाठवली होती. तेव्हा टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये जाऊन अर्ज टाइप करून घेत असू. तिथल्या बाईंकडे एक ठरलेला मसुदा असायचा, त्यात नाव-पत्ता बदलायचा, झालं काम. एकदा त्यांनी कागद रोलरवर चढवता चढवता सहज विचारलं, “या कंपनीत बनतं काय गं?” मला सांगता येईना. त्यांनी कागद परत काढून घेतला आणि म्हणाल्या, “मग तिथे तू करणार काय, ते तरी सांग. तेच टाइप करू.” मी बाकावर बसून अर्धा तास विचार करत होते. त्या दिवशी टाइप झालेलं पत्र सात ओळींचं होतं, आणि मला पहिलं बोलावणं त्याच पत्राने आलं. पुढे २२ वर्षं मी पुण्यात भरतीचंच काम केलं, दुसऱ्यांची पत्रं वाचली. समोर पत्र आलं की त्या बाईंचा प्रश्न मी मनात विचारायचे. हा माणूस इथे येऊन काय करणार? पहिल्या तीन ओळींत उत्तर मिळालं तर पुढे वाचायचे. खरं सांगते, नाही मिळालं तर डोळे आपोआप खाली घसरायचे.

तर आता तुझं पत्र. तू पाठवलेल्या जाहिरातींपैकी पिंपरीच्या कंपनीची मी बाजूला काढली. त्यात कामं क्रमाने लिहिली आहेत. पुरवठादारांचे हिशेब, जीएसटी जुळवणी, टॅली, महिनाअखेरीचे अहवाल. जाहिरातीत जे आधी येतं, तिथेच बहुतेक वेळा त्यांचं दुखणं असतं. तुझी डायरी नेमकी त्याच दुखण्यावरची आहे. पत्र असं लिहिता येईल:

‘आपल्या जाहिरातीत पुरवठादारांचे हिशेब आणि जीएसटी जुळवणी ही दोन कामं सुरुवातीला दिली आहेत. गेली चार वर्षं मी कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात हीच कामं करते. पुरवठादारांची बिलं टॅलीत घेणं, दर महिन्याला टू-बी पत्रकाशी ताळमेळ घालणं आणि जीएसटीआर-३बीसाठी आकडे तयार करणं माझ्याकडे आहे.

‘मी रुजू झाले तेव्हा काही पुरवठादार रिटर्न उशिरा भरत, त्यामुळे बरंच क्रेडिट दर महिन्याला अडकत असे. कोण कधी भरतो याची नोंद ठेवून मी ११ तारखेच्या आधीच एकेकाचा पाठपुरावा सुरू केला. अडकणारी रक्कम जवळपास नव्वद टक्क्यांनी कमी झाली.

‘या नोकरीच्या आधी दोन वर्षं मी घरातल्या आजारपणामुळे कामावर नव्हते. यजमानांच्या बदलीमुळे आम्ही आता पुण्यात राहायला येत आहोत. माझा नोटीस पीरियड ३० दिवसांचा आहे. आपण सांगाल त्या दिवशी भेटायला येऊ शकेन.’

बस. खाली नाव आणि फोन नंबर. यात स्वतःसाठी विशेषण एकही नाही, बघ. ‘मेहनती’, ‘प्रामाणिक’, ‘जबाबदार’ हे शब्द लिहिले नाहीत, तरी वाचणाऱ्याला ते आपोआप कळतं. अकाउंट्सच्या माणसाला ‘११ तारखेच्या आधी’ एवढे शब्द पुरतात. पुरवठादाराचं जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं रिटर्न, त्या तारखेपर्यंत गेलं नाही, तर १४ तारखेच्या टू-बीत, म्हणजे मिळणाऱ्या क्रेडिटच्या पत्रकात, आपलं बिल दिसत नाही, आणि २० तारखेला जीएसटीआर-३बी भरताना तेवढा कर कंपनीला खिशातून भरावा लागतो. हे ज्याने सोसलंय तो तुझं पत्र वाचताना मान डोलावेल. जाहिरात देणाऱ्यांच्या गावातलीच बोली तू बोलते आहेस, हे त्याला तिथेच उमगेल.

रक्कम मी मुद्दाम टक्क्यांत घातली. मालकांचं किती क्रेडिट अडकत होतं हा त्यांच्या घरचा हिशेब आहे, तो परक्यांपुढे लेखी मांडणं बरं नव्हे. हिशेबनिसाची नोकरी मागताना तर नव्हेच. समोरचा माणूस हेही टिपत असतो की उद्या आमचे आकडे ही बाहेर सांगेल का.

बाकी कंपन्यांसाठी हेच पत्र जसंच्या तसं पाठवू नकोस. मधला परिच्छेद राहील, पहिला दर वेळी नवा होईल, कारण जाहिरात दर वेळी वेगळी असते. त्याला वेळ लागतो, हे मला मान्य आहे. मग महिन्याला दहाच पत्रं जातील. जाऊ देत. सत्तर पत्रांतून तीन बोलावणी, हे तू करून पाहिलंसच.

पत्र इंग्रजीत हवं असेल, पुण्यात बहुतेक ठिकाणी लागेल, तरी आधी मराठीत लिही. आपल्याला काय म्हणायचं आहे ते आईच्या भाषेत लख्ख दिसतं. एकदा ते कागदावर उतरलं की भाषांतराला एआयची मदत घे, त्यात गैर काही नाही. फक्त त्याला सांग की मी लिहिलंय तेवढंच ठेव. त्याने परत ‘पॅशनेट’ घातलं तर ते तुझ्या हाताने खोड. आणि मुलाखतीत तोंडाने म्हणायला जड जाईल असा एकही शब्द पत्रात राहू देऊ नकोस. पत्रात एक बाई आणि खुर्चीत दुसरीच, असं झालं की विश्वास तिथेच उडतो.

पत्र ईमेलच्या मजकुरातच लिही, वेगळी फाइल करून जोडलीस तर ती उघडलीच जाईल याची खात्री नाही. जोडायचा तो रेझ्युमे, पीडीएफमध्ये, फाइलला स्वतःचं नाव देऊन. ‘फायनल न्यू २’ असं नाव असलेल्या फाइली माझ्याकडे ढिगाने यायच्या. विषयाच्या ओळीत पदाचं नाव आणि आपलं नाव. पाठवण्याआधी कंपनीचं नाव मोठ्याने वाच. चांगल्या चांगल्या माणसांनी आमच्याकडे दुसऱ्याच कंपनीच्या नावाने पत्रं पाठवलेली मी पाहिली आहेत, आणि ती पुढे सरकली नाहीत याचं मला वाईटही वाटलं आहे.

गॅपचं म्हणशील तर लपवायची नाही. लपणारही नाही. तुझा पीएफ कापला जातो ना? मग कुठल्या कंपनीत कधीपासून कधीपर्यंत होतीस, हे सगळं यूएएन या पीएफच्या १२ आकडी नंबरखाली नोंदलेलं असतं, आणि बऱ्याच कंपन्या रुजू करण्याआधी ते पडताळून पाहतात. तारखा ताणून गॅप झाकणारे तिथे सापडतात, आणि मग भांडण गॅपचं राहत नाही, खोटं बोलण्याचं होतं. पगाराचंही तसंच, स्लिपा मागतातच. पत्रात गॅपचं एक वाक्य पुरे. विचारलं तर मुलाखतीत आणखी दोन: सासूबाई आजारी होत्या, आता घरची व्यवस्था लागली आहे. डोळे खाली घालून सांगायची ही गोष्ट नाही. एका माणसाला तू दोन वर्षं अंथरुणावर सांभाळलंस. ज्यांना ती वर्षं वाया गेलेली वाटतात, त्यांच्याकडे नोकरी न मिळालेलीच बरी, असं मी माझ्या लेकीलाही सांगेन.

आता मालकांच्या गाऱ्हाण्याकडे येते. तू जे सांगितलंस ते सगळं खरं असेल. तरी मुलाखत ही ते सांगायची जागा नाही. समोरचा माणूस तुझ्या मालकांना ओळखत नाही, त्याला फक्त एवढंच दिसतं की ही बाई आपल्या ठिकाणाबद्दल परक्याशी असं बोलते. तुझ्याकडे तर खरं आणि सरळ कारण आहे, यजमानांची बदली. तेवढंच सांग आणि थांब. खोदून विचारलं तर म्हण, ‘तिथे मला बरंच शिकायला मिळालं, पण कारखाना लहान आहे, पुढे जायला जागा नाही.’ हेही खरंच आहे ना? मनातली आग ओकायला बहीण आहे, मैत्रीण आहे, मी आहे.

तुलाही प्रश्न विचारायची वेळ येईल, तेव्हा ‘नाही, काही नाही’ म्हणून उठू नकोस. विचार, ‘सूक्ष्म आणि लघु पुरवठादारांची यादी तुम्ही वेगळी ठेवता का? मार्चअखेरीला ४५ दिवसांच्या नियमाचं काम कोण बघतं?’ २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून, अशा पुरवठादाराचं बिल कायद्याच्या मुदतीत, म्हणजे जास्तीत जास्त ४५ दिवसांत, चुकतं केलं नाही आणि ते वर्षअखेरीपर्यंत थकलं, तर आयकरात तो खर्च त्या वर्षात वजा मिळत नाही, म्हणून हा विषय आज प्रत्येक लेखाविभागाच्या डोक्यावर आहे. तू चार वर्षं पुरवठादारांत काढलीस, तुझ्या तोंडून हा प्रश्न शोभेल.

निकाल कसा विचारायचा ते सांगते. उठता उठता विचार, ‘साधारण कधीपर्यंत कळेल?’ ते जी तारीख सांगतील ती लिहून ठेव. त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी दोन ओळींचा ईमेल कर, भेटीबद्दल आभार आणि बोलण्यातली एखादी लक्षात राहिलेली गोष्ट. मग त्यांनी दिलेली तारीख उलटू दे, वर कामाचे दोन-तीन दिवस जाऊ देत, आणि एक ईमेल टाक. आठवड्याने आणखी एक, किंवा एक फोन, दुपारच्या वेळी. तरीही उत्तर नाही आलं तर ते दार तुझ्या बाजूने लावून घे आणि दुसरं ठोठाव. भोसरीला तू दिवसाआड फोन केलेस. त्यातले दोन, तुझ्या यादीप्रमाणे, १९ आणि २० तारखेला गेले. अगं, २० तारखेला अकाउंट्सच्या प्रमुखाची काय गत असते हे तुझ्याशिवाय कुणाला कळावं?

कंपन्या कळवत नाहीत, हे त्यांचं चुकतंच. मुलाखतीला बोलावलेल्या माणसाला दोन ओळींचा नकारसुद्धा न पाठवणं हा असभ्यपणा आहे, आणि माझ्या क्षेत्राबद्दल मला याची खंत आहे. पण त्याचं उत्तर आपण असभ्य होऊन द्यायचं नाही. एकदा आम्ही निवडलेला उमेदवार रुजू व्हायच्या दिवशी आलाच नाही, फोन बंद. दुसऱ्या क्रमांकावर एक मुलगा होता. त्याला नकार कळवला तेव्हा त्याने उत्तर लिहिलं होतं, ‘कळवल्याबद्दल आभार. पुढे जागा निघाली तर जरूर आठवण ठेवावी.’ मी सकाळी साडेअकराला त्याला फोन केला. तिसऱ्या क्रमांकाचा उमेदवार त्याच्यापेक्षा शिकलेला होता, पण नकारानंतर त्याने आम्हाला लांबलचक शिव्याशाप धाडले होते. त्याचं नाव कुणी काढलंच नाही.

म्हणून त्या स्टेटसचं मला फार वाईट वाटलं. भोसरीच्या कंपनीला ते दिसलंही नसेल. दिसलं ते दादाला, आणि तुझा रेझ्युमे आत पोहोचवताना त्याने स्वतःचं नाव पणाला लावलं होतं. तू वशिल्याला शिवी दिलीस, आणि तुझ्यासाठी शब्द टाकणारा तोच होता. त्याला काय वाटलं असेल याचा विचार कर. फोन घेत नसेल तर मेसेज कर, पण खुलासे देत बसू नकोस. ‘दादा, मी रागात चुकीचं लिहिलं. तू माझ्यासाठी शब्द टाकलास, त्याची मी जाण ठेवायला हवी होती. मला माफ कर.’ नवी नोकरी बघ असं त्यात एका शब्दानेही म्हणू नकोस. हे आज कर, पत्राच्या आधी.

शोध चालू आहे तोवर स्टेटस, डीपी, लिंक्डइन जरा आवरून ठेव. अनोळखी नंबर आला तर ‘कोण?’ असं न म्हणता आपलं नाव सांगून बोल. कुकरच्या शिट्ट्या होत असतील तर ‘दहा मिनिटांत फोन करते’ म्हण आणि नवव्या मिनिटाला कर. नोकरी लावून देतो म्हणून कुणी नोंदणीचे, ट्रेनिंगचे, लॅपटॉपचे पैसे मागितले तर एक रुपया देऊ नकोस. पैसे गेलेच तर तडक १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन.

आणि आताचं काम. ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून अर्ज पाठवू नकोस, तिथल्या प्रिंटरवर रेझ्युमे छापू नकोस. मुलाखतीसाठी सांगलीहून पुण्याला येणं म्हणजे आख्खा दिवस जातो, त्या दिवसाची तुझ्या हक्काची रजा टाक. ‘घरगुती काम’ एवढं कारण पुरतं, खोटी आजारपणं नकोत. हातात लेखी ऑफर आल्याशिवाय राजीनामा नाही. आल्यावर मालकांना आधी समोर बसून सांग, मग कागद दे, आणि महिना पूर्ण भर. रिलीव्हिंग लेटर आणि अनुभवाचा दाखला घेतल्याशिवाय बाहेर पडू नकोस, पुण्यात पहिल्या दिवशी तेच मागतील.

ती पुरवठादारांची डायरी तुझ्या जागी जी येईल तिला दे. कोण ९ तारखेला फोन केल्यावर भरतो, कुणाच्या सीएलाच गाठावं लागतं, कोण दोनदा सांगितल्याशिवाय हलत नाही, हे शेजारी बसून समजावून दे. एक ११ तारीख तिला तुझ्या देखत काढू दे, मग नीघ.

पिंपरीच्या पत्राचा पहिला परिच्छेद तुझ्या शब्दांत लिहून मला पाठव. वाचून लगेच कळवते.

तुझी,
ताई